‘फासा सेट आहे!’ : खेळाडूंचा फीडबॅक आणि बार्टलचे चार पत्ते

पेट पास झालेल्या आणि सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्या मुलामुलींचे मसुदे माझ्याकडे वाचायला येत असतात. अलीकडे त्यात ऑनलाइन गेमिंग हा विषय बऱ्याचदा दिसतो. विषय चांगला आहे, तक्रार नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या पानावर हमखास एक वाक्य येतं: ‘बार्टल (१९९६) यांच्या मते खेळाडूंचे चार प्रकार असतात.’ मग त्या चार प्रकारांवर बेतलेली प्रश्नावली, शंभर नमुने, लायकर्ट स्केल, आणि शेवटी शिफारस की गेम बनवणाऱ्यांनी सगळ्या प्रकारच्या खेळाडूंचा फीडबॅक लक्षात घ्यावा.

आरआरसीसमोर हे कदाचित पासही होईल. पण एखाद्या सरांनी ‘सगळ्यांचा फीडबॅक म्हणजे नेमका कोणाचा?’ एवढंच विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल, कारण बार्टलच्या पेपरमध्येही ते उत्तर नाही. म्हणून आज त्या पेपरची चिकित्सा करू. पण सुरुवात पेपरपासून नको. आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये कधी ना कधी येऊन गेलेल्या एका गेमपासून करू.

लुडो किंग हा महाराष्ट्रातला गेम आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने तो २०१६ मध्ये आणला आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो घराघरात पोचला. या गेमबद्दल, खरं तर कुठल्याही ऑनलाइन लुडोबद्दल, सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार कोणती? ‘फासा सेट आहे.’ मला सहा पडतच नाही आणि समोरच्याला बरोबर माझी गोटी मारायला लागतो तेवढाच आकडा पडतो. प्ले स्टोअरवर वाचा नाहीतर चहाच्या टपरीवर ऐका, वाक्य तेच.

आता फासा शंभर टक्के प्रामाणिक आहे असं धरून चला आणि हिशेब करा. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला इथे राहवत नाही, सांभाळून घ्या. एका फेकीत सहा न पडण्याची शक्यता ५/६. सलग १० फेकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता म्हणजे ५/६ चा दहावा घात, साधारण ०.१६. म्हणजे एका खेळाडूच्या बाबतीत सरासरी सहा डावांतून एकदा असं होतं. पण पटावर चार जण आहेत. चौघांपैकी किमान एकाला पहिल्या दहा फेकींत सहा न मिळण्याची शक्यता काढा: १ वजा (०.८४ चा चौथा घात). उत्तर येतं जवळजवळ ०.५१. निम्मे डाव! दहाच्या जागी १५ फेकी घेतल्या तरी २३ टक्के डावांत कोणीतरी एक जण बंद घरात बसून बाकीच्यांची मजा बघत असतो.

गोटी मरण्याचंही तसंच. तुमच्या गोटीच्या मागे सहा घरांच्या आत तिन्ही प्रतिस्पर्ध्यांची एकेक गोटी असेल, तर एका फेरीत तिघांपैकी कोणाला तरी ‘बरोबर तेवढाच’ आकडा पडण्याची शक्यता १ वजा (५/६ चा घन), म्हणजे ४२ टक्के. तुम्हाला तो कट वाटतो, गणिताला तो रोजचा व्यवहार वाटतो.

थोडक्यात, पूर्ण प्रामाणिक फाशावर खेळल्या गेलेल्या निम्म्या डावांतून एक चिडलेला माणूस बाहेर पडतो. उरलेल्या तिघांना फासा नॉर्मल वाटलेला असतो, आणि ‘आज फासा नॉर्मल होता’ असं कोणी लिहायला जात नाही. रोज लाखो डाव होणाऱ्या गेमच्या टीमसमोर फीडबॅकचा जो ढीग येतो, तो कसा तयार होतो हे यातून समजून घ्या. त्या ढिगात खोटं बोलणारं कोणी नाही. दहा फेकी बसून राहणं खरोखर कंटाळवाणं आहे. दुखतंय हे खरं, पण का दुखतंय याचं रुग्णाने सांगितलेलं कारण चुकीचं. गेम डिझाइनमध्ये फीडबॅक वाचणं म्हणजे बहुतेक वेळा हेच वेगळं करणं असतं.

मग टीमने काय करावं? एक सोपा उपाय आहे, आणि तो जगभर वापरला जातो. शुद्ध यदृच्छा जरा ‘सपाट’ करायची. आधुनिक टेट्रिसमध्ये सात आकार एका पिशवीत टाकून हलवल्यासारखे येतात. पिशवी संपल्याशिवाय तोच आकार पुन्हा येत नाही, त्यामुळे लांब काठीची अनंत वाट बघावी लागत नाही. जपानच्या फायर एम्ब्लेम मालिकेतल्या अनेक गेममध्ये पडद्यावर नेम लागण्याची शक्यता ९० टक्के दाखवतात, पण आत दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती ९८ टक्क्यांच्या आसपास जाते. माणसाला ९० टक्के म्हणजे ‘लागणारच’ वाटतं, म्हणून गेम त्याच्या वाटण्याला जुळवून घेतो.

लुडोत असंच करून बघा. १ ते ६ हे आकडे पिशवीत टाका, सगळे संपल्याशिवाय पिशवी पुन्हा भरायची नाही. आता सुरुवातीला जास्तीत जास्त पाच फेकी वाट बघावी लागेल, सहाव्या फेकीला सहा मिळणारच. ‘फासा सेट आहे’ ही तक्रार बरीच कमी होईल. (गंमत बघा, फासा खरोखर सेट केल्यावर!) पण खेळ बदलला. पिशवीत कोणते आकडे उरलेत हे मोजणाऱ्याला आता पुढचं दिसतं. प्रतिस्पर्ध्याचे चार आणि पाच संपलेत, म्हणजे त्याच्यापुढे चार-पाच घरांवर माझी गोटी काही फेकी सुरक्षित आहे, असं तो म्हणतो. पत्ते मोजून रमी खेळणाऱ्या काकांना हा खेळ आवडेल. आजोबांना हरवून घरभर नाचणाऱ्या सात वर्षांच्या पोरीला नाही, कारण तिची जिंकण्याची शक्यता फाशाच्या बेभरवशावरच उभी होती. एका गटाची तक्रार मिटवताना दुसऱ्या गटाच्या खेळण्याची तऱ्हा तुम्ही मोडली, आणि त्या पोरीने कुठेही एक तारा देऊन निषेध नोंदवलेला नाही. ती फक्त खेळायचं सोडून देईल.

माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न हा आहे. फीडबॅक आणि खेळण्याच्या तऱ्हा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, की एका ताजव्यात एक आणि दुसऱ्यात दुसरी टाकून तोल साधावा. कोणत्या तऱ्हेचा माणूस बोलतो यावर फीडबॅक ठरतो. मग फीडबॅकप्रमाणे गेम बदलतो, त्यामुळे कोणती माणसं टिकतात ते ठरतं, आणि पुढचा फीडबॅक टिकलेल्यांकडूनच येतो. दोन-चार चक्रांनंतर टीमला वाटतं की आपले सगळे खेळाडू असेच आहेत.

हे डोक्यात ठेवून आता बार्टलकडे वळू.

रिचर्ड बार्टल हा साधासुधा माणूस नाही. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने १९७८ मध्ये सुरू केलेला मड हा गेम त्याने पुढे नेला. अनेक जण एकाच वेळी खेळतात असं हे मजकुराचं जग; आजच्या ऑनलाइन गेमांचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. १९९६ च्या पेपरमध्ये त्याने खेळाडूंना पत्त्यांचे चार रंग दिले. चौकट म्हणजे गुण आणि पातळ्या कमावणारे. इस्पिक म्हणजे जग खणून बघणारे, शोध घेणारे. बदाम म्हणजे माणसांशी गप्पा मारायला येणारे. आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्यात मजा घेणारे. दोन अक्ष आहेत: कृती की परस्परसंवाद, आणि रस जगात की माणसांत. कल्पना सुंदर आहे आणि लक्षात राहते. म्हणूनच तीस वर्षं टिकली, आणि म्हणूनच न वाचता उद्धृत केली जाते.

आता पेपर उघडा आणि विदा कुठून आली ते बघा. ब्रिटनमधल्या एका व्यावसायिक मडवर नोव्हेंबर १९८९ ते मे १९९० या काळात ज्येष्ठ खेळाडूंमध्ये एक लेखी वाद झाला: लोकांना मडमधून नेमकं हवं तरी काय? त्या पोस्टचा गोषवारा काढून बार्टलने चार गट पाडले. भाग घेणारे किती? हिरीरीने लिहिणारे आणि अधूनमधून लिहिणारे मिळून तीसेक. आणि ‘ज्येष्ठ’ म्हणजे वयाने नव्हे. त्यांना विझर्ड म्हणत, आणि विझर्ड होण्यासाठी गेममध्ये भरपूर गुण कमावून अगदी वर पोचावं लागे.

इथे जरा थांबा. गुण कमावून वर गेलेल्यांना विचारलं की लोक का खेळतात. पहिल्याच आठवड्यात कंटाळून गेलेल्याला विचारलं नाही. महिन्याचं बिल बघून घरच्यांनी बंद केलेल्याला विचारलं नाही. फक्त बघत बसणाऱ्याला, लिहायची सवय नसलेल्याला विचारलं नाही. लढाईतून परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांची भोकं मोजून चिलखत कुठे लावायचं ते ठरवण्याची गोष्ट तुम्ही नमुना निवडीच्या तासाला ऐकली असेल. न परतलेल्या विमानांना गोळ्या कुठे लागल्या हे त्या भोकांतून कळत नाही. बार्टलची विदा ही परतलेली विमानं आहेत.

यात बार्टलचा दोष फारसा नाही. त्याने विदेचा उगम लपवलेला नाही, आणि त्याचा दावा मडपुरता होता. पुढे २००३ च्या पुस्तकात त्याने स्वतःच चाराचे आठ प्रकार केले. नेटवर जी ‘बार्टल टेस्ट’ तुम्ही सोडवता आणि ‘मी ६० टक्के इस्पिक’ असं स्टेटस ठेवता, ती त्याने बनवलेलीच नाही. त्याच्या पेपरवरून दुसऱ्या दोघांनी तयार केली. दोष आपला आहे. तीस जणांच्या वादाचा गोषवारा आपण गोंदिया जिल्ह्यातल्या बीएस्सीच्या मुलांवर स्केल म्हणून लावतो.

आता प्रकार या शब्दाकडे येऊ. निक यी यांचा २००६ चा अभ्यास तुमच्या वाचनात असायलाच हवा. त्यांनी सुमारे तीन हजार ऑनलाइन खेळाडूंच्या उत्तरांवर घटक विश्लेषण केलं. त्यातून १० उपघटक निघाले आणि ते तीन मोठ्या घटकांत बसले: यश, सामाजिकता आणि तल्लीनता. आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हे की या प्रेरणा एकमेकींना मारत नाहीत. ज्याला गुण कमवायचे आहेत, त्याला गप्पाही मारायच्या असू शकतात. म्हणजे चार पेट्या नाहीत, प्रत्येकाच्या आत कमीजास्त प्रमाणात सगळंच आहे. मात्र यी यांचे उत्तरदातेही गेमच्या संकेतस्थळांवरून स्वतःहून आलेले होते. नमुना बार्टलपेक्षा शंभर पट मोठा झाला, पण निघून गेलेला माणूस इथेही नाही. मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना नव्हे, हे नेटच्या पेपरमध्ये आपण टिक करतो आणि सिनॉप्सिसमध्ये विसरतो.

शिवाय प्रमाणही स्थिर नसतं. कोणत्याही घरी लुडो बघा. तोच मोठा भाऊ मित्रांसोबत गोटी मारायची संधी सोडत नाही, आणि धाकट्या बहिणीसोबत खेळताना तिची गोटी समोर असूनही दुसरीच चालवतो. पहिल्या डावात तो किलवर, दुसऱ्यात बदाम. विचारलंत तर म्हणेल, ‘टाइमपास, अजून काय!’ तऱ्हा माणसाची नसून त्या बैठकीची असते. समोर कोण आहे, किती वेळ आहे, हरलं तर कोण हसणार आहे, यावर ती ठरते. लुडो किंगने हे सिद्धांत न मांडता ओळखलं असं मला वाटतं. त्यात अनोळखी लोकांशी ऑनलाइन खेळता येतं, खोलीचा कोड पाठवून मित्रांशी खेळता येतं, एकट्याने फोनशी खेळता येतं, आणि एकच फोन हातोहात फिरवूनही खेळता येतं. खेळाडूंचे प्रकार न पाडता बैठकांचे प्रकार पाडले. माझ्या लेखी ही बार्टलपेक्षा उपयोगी वर्गवारी आहे.

फोन हातोहात फिरवण्यावरून एक मुद्दा, जो शहरातल्या पेपरांत सापडत नाही. हल्ली कंपन्या म्हणतात की लोक काय बोलतात ते सोडा, लोक काय करतात ते आम्ही बघतो. कोणी किती वेळ खेळला, कुठे सोडलं, कोणाला मारलं, सगळं नोंदलं जातं. बोलणारे आणि गप्प बसणारे हा भेद त्यात मिटतो, हे खरंच आहे. पण सडक अर्जुनीत बसून ही नोंद कशी दिसते ते बघा. महामार्गावर नेट चांगलं चालतं. आत नवेगावच्या जंगलाच्या बाजूला सरकलात की डाव मध्येच लटकतो. नोंदीत लिहिलं जातं: खेळाडूने सामना अर्धवट सोडला. हरत असताना पळून जाणाऱ्याची नोंदही अगदी अशीच दिसते. दोघांना एकच शिक्षा लागू केली, तर पळपुट्यांना आळा बसेल आणि खराब नेटवर्कवाल्यालाही.

दुसरं, घरात फोन एक आणि खेळणारे तीन. सकाळी वडील, दुपारी मुलगी, रात्री मुलगा. खातं एकच. नोंद म्हणते की हा खेळाडू कधी अतिसावध, कधी आक्रमक, कधी नुसताच भटकणारा आहे. गणनविधी त्याची सरासरी काढतो आणि असा एक माणूस तयार करतो जो त्या घरात राहतच नाही. वागणुकीची नोंद तटस्थ असते असं तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहू नका. तिच्यातही ‘एक खातं म्हणजे एक माणूस’ हे गृहीतक आहे, आणि ते कुठे खरं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

बोलणारे आणि न बोलणारे हे आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकात डोळ्यांनी दिसतं. दिवाळीनंतर मंडया भरू लागल्या की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. समोरची पोरं शिट्ट्या मारतात, वन्स मोअर देतात, आणि कंपनीला फीडबॅक जागेवर मिळतो. मागे मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाया शिट्टी मारत नाहीत. त्यांचा फीडबॅक म्हणजे पुढच्या वर्षी त्या येतात किंवा येत नाहीत. नुसत्या शिट्टीवर नाटक बसवलं तर लावणी वाढत जाईल, कथा आटत जाईल आणि मागची सतरंजी रिकामी होईल. मुरलेला निर्माता मागच्या सतरंजीकडेही बघत असतो. असो.

बार्टलच्या पेपरमधला सगळ्यात दमदार भाग मात्र कोणी उद्धृत करत नाही. चार प्रकार ही त्याची प्रस्तावना आहे. पुढे तो सांगतो की एका प्रकारची संख्या वाढली की बाकीच्यांचं काय होतं. त्रास देणारे वाढले की गप्पा मारणारे पळतात, गप्पा मारणारे पळाले की आणखी गप्पा मारणारे पळतात, वगैरे. जंगलातल्या शिकारी-भक्ष्याच्या समीकरणांची आठवण व्हावी असं ते आहे. (नागझिरा शेजारी असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) आणि तो म्हणतो की गेम चारच अवस्थांत स्थिर होतो: त्रास देणारे आणि कमावणारे यांचा समतोल, गप्पा मारणाऱ्यांचं राज्य, सगळ्यांचा सारखा प्रभाव, आणि चौथी अवस्था म्हणजे एकही खेळाडू नसणं. चौथीही स्थिरच, तक्रार करायला कोणी उरत नाही!

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १९९७ मध्ये आलेल्या अल्टिमा ऑनलाइन या अमेरिकी गेममध्ये कोणीही कोणालाही मारून लुटू शकत होतं. नवखे हैराण होऊन जात होते. विकासकांनी बरेच उपाय केले आणि शेवटी २००० साली जगाची दोन जगं केली. फेलुका या जुन्या जगात मारामारीची मुभा राहिली. ट्रामेल या त्याच्या जुळ्या प्रतीत संमतीशिवाय हल्ला करता येत नव्हता. लोक मोठ्या संख्येने ट्रामेलमध्ये गेले. फीडबॅक ऐकला, तऱ्हा वेगळ्या केल्या, प्रश्न सुटला? जुने खेळाडू आजही त्यावर भांडतात. धोका गेला तसा रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाने मदत केल्याचा अर्थही गेला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, पण अर्धंच, कारण हे म्हणणारे पुन्हा टिकून राहिलेले आहेत.

मग मतदान घ्यावं का? ओल्ड स्कूल रुनस्केप या गेमने २०१३ पासून तो प्रयोग केला. नवीन गोष्ट गेममध्ये यायची तर खेळाडूंच्या मतदानात, अनेक वर्षं, ७५ टक्के होकार लागत असे. ऐकायला आदर्श वाटतं. पण एकमेकांशी लढणाऱ्या खेळाडूंचा गट तिथे अल्पसंख्य. त्यांच्यासाठीच्या सुधारणा मताला टाकल्या की ज्यांचा लढाईशी संबंध नाही असे लोक नाही म्हणत, काही जण मुद्दाम, जुना राग काढायला. आपल्या ग्रामसभेत नळ कोणत्या टोळीत द्यायचा यावर मत घेतलं तर सगळ्यात लहान टोळीला पाणी कधी मिळेल, याचा विचार करा. मतदान बहुसंख्यांची तऱ्हा मोजतं, तऱ्हांचा तोल साधत नाही.

पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेला इंडस बॅटल रॉयल इथे अभ्यासाला घेण्यासारखा आहे. बॅटल रॉयलमधली जुनी कुरबूर तुम्हाला माहीत असेल, पबजी बंद होण्याआधीपासूनची: एक जण गवतात पालथा पडून शेवटच्या वर्तुळापर्यंत लपतो, दुसरा सगळीकडे भिडत येतो, आणि दोघं एकमेकांच्या खेळण्याला खेळणंच मानत नाहीत. इंडसने शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम नावाची वस्तू ठेवली. ती मिळवून टिकवली तर सगळ्यांना मारल्याशिवायही जिंकता येतं. शिवाय ग्रज नावाची सोय आहे, ज्याने मारलं त्याच्यावर डूख धरून पुढे हिशेब चुकता करायचा.

कॉस्मियम मला डिझाइन म्हणून आवडतं. लपणाऱ्याला शिक्षा न करता बाहेर पडायचं कारण दिलं, भिडणाऱ्याला लक्ष्य दिलं, आणि दोघांना वेगळ्या जगात न पाठवता एकाच मैदानावर आणलं. ट्रामेलपेक्षा हे जास्त धाडसी आहे. ग्रजबद्दल मात्र मी साशंक आहे. ज्याला सूडात मजा आहे त्याला ती आणखी मिळते, आणि ज्याच्यावर डूख धरला त्याने ती मागितली होती का, हा प्रश्न उरतो. बार्टलची समीकरणं लावून बघा: किलवरांना चारा वाढवला की बदामांचं काय होईल? यावर चांगला प्रबंध होऊ शकतो. लाँचआधी एक कोटीहून जास्त पूर्वनोंदणी आणि बंद बीटा चाचण्या झाल्या होत्या. पूर्वनोंदणी करणारे, बीटात शिरणारे आणि सहा महिन्यांनी खेळत असणारे हे तीन वेगळे समूह आहेत, हे अभ्यासात आधी लिहा आणि मगच सरासऱ्या काढा.

तर सिनॉप्सिसमध्ये काय बदलायचं? बार्टल काढू नका, पण त्याच्या चार प्रकारांऐवजी त्याची गतिकी वापरा. नमुन्यात ‘सध्या खेळणारे’ एवढीच अट असेल तर ती तोडा. ज्यांनी गेम काढून टाकला अशांचा वेगळा गट घ्या, मग तो वीस जणांचा असला तरी चालेल, आणि त्यांना गूगल फॉर्म न पाठवता समोर बसून विचारा. निघून गेलेला माणूस फॉर्म भरत नाही. ‘तुम्ही कोणत्या प्रकारचे खेळाडू आहात’ हा प्रश्न उडवा आणि ‘शेवटचा डाव कोणासोबत, कुठे बसून, कोणाच्या फोनवर खेळलात, तो का संपला’ असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘नेट गेलं’, ‘चार्जिंग संपलं’, ‘आई ओरडली’ अशी उत्तरं येतील. ती ‘इतर’ या रकान्यात ढकलू नका, त्यांची स्वतंत्र संकेतावली करा. मिळालेल्या तक्रारींतून निदान एक तरी निवडून तिचा शक्यतेचा हिशेब वर केला तसा स्वतः करा: गेम पूर्ण प्रामाणिक असता तरी ही तक्रार किती वेळा आली असती? हा पायाभूत आकडा नसेल तर तक्रारींची संख्या काहीच सांगत नाही.

आणि नीतिमत्ता समितीचा फॉर्म भरताना एक अडचण येईल, तिची तयारी आत्ताच ठेवा. संमतीपत्रावर सही खातेदाराची घ्यायची असा सगळ्यांचा समज असतो. एका फोनवर तिघं खेळत असतील तर खातेदार म्हणजे वडील, आणि ज्यांच्या खेळण्याबद्दल तुम्ही लिहिणार ती दोन मुलं, त्यातलं एखादं अठराच्या आतलं. सह्या तीन लागतील, अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती आणि त्याचा स्वतःचा होकार दोन्ही लागेल, आणि मुलांची मुलाखत वडील शेजारी नसताना घ्यावी लागेल. नाहीतर लपून रात्री खेळणारा तुमच्या विदेत येणारच नाही.